अबू जासिमची जागा

हॅलो? … हॅलो… हां, आता ऐकू येतंय. बोल, शरफुन्निसा.

हो, जेवलो. … भात आणि कालचं कालवण. … अगं दुपारच आहे इथे सौदीत, आत्ताच जोहरची नमाज पढून खोलीवर आलो. पाठ टेकणार तेवढ्यात तुझा फोन.

कोण म्हणालं? … हाशिर? … हा पोरगा तिकडे अबकैकला कामाला आहे की बापावर पहारा द्यायला?

नाही. सही केलेली नाही. … नाही गं, शप्पथ. कागद समोर पडलाय, पेनही आहे. सही नाही. … दोन वर्षांचा करार. हो, दोन.

ऐक ना… ऐक. … मी कुठे म्हणतोय की राहतो? … मी काहीच म्हणत नाहीये. मला म्हणायचाच कंटाळा आलाय.

आपल्या उमामाला आठवा महिना लागलाय, माहीत आहे मला. … विसरलो नाही. … हाशिर झाला तेव्हा मला पत्रानं कळलं, ते आलं तोवर तो पंधरा दिवसांचा झाला होता. उमामाच्या वेळी तर… हो, तेही माहीत आहे. तू एकटीनं सगळं केलंस. मी नाही म्हणतो का?

मग काय झालं ते सांगू की नको? … तर मध्ये बोलू नकोस. थोडं तरी.

परवा चहाचं दुकान पुन्हा उघडलं. … हो, चार महिने बंद होतं, तेच. जुने मालक थंडीत वारले, तेव्हापासून. आता सगळं त्यांच्या मुलाकडे, मिशालकडे. माझा कफील, व्हिसाचा मालक, तोही आता तोच. … नाही, वाईट नाही गं पोरगा. बाहेर शिकून आलाय. मला म्हणाला, चाचा, काही बदलणार नाही, बाबांच्या वेळी होतं तसंच सगळं जपायचं.

आणि जपलं की. लाकडी बाक तेच ठेवले. माझी तांब्याची किटली तीच. भिंतीवर तीस वर्षांची काजळी होती ना, ती आधी घासून काढली आणि मग एक पेंटर आणून त्याच्याकडून तशीच काजळी परत रंगवून घेतली. … हसू नकोस. खरं सांगतोय. मी उभा राहून बघत होतो.

फोटो? … कुठला? … हाशिरनं पाठवला तुला? … हो, मीच तो. जरीचं जाकीट, दुकानाचा नवा ड्रेस. … डोक्यावर जरीची टोपी पण, हो. … हस, हस. सर्कशीतला दिसतो, मला काय कळत नाही?

बरं ऐक. परवा दुपारी असरच्या नमाजनंतर उघडलं. तरुण मुलंमुली, सगळ्यांच्या हातात मोबाईल. दाराशी एक मुलगी बसवलीय, बुकिंग केलंय का म्हणून विचारते. … अगं चहाच्या दुकानाला बुकिंग. आमची जुनी माणसं आली ना, शेतावरून, खजुराच्या बागांमधून… ती दाराशी थबकली. बुकिंग म्हणजे काय तेच त्यांना कळेना. दोघं-तिघं तशीच मागे फिरली.

तेवढ्यात अबू जासिम आला. … सांगितलं होतं की तुला. ऐंशीच्या पुढचा, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. मी इथे लागलो त्याच्या आधीपासून रोज येतो. पहिल्या दिवशी मला अरबी येत नव्हती तर त्यानंच चहाचा पेला हातात धरून एकेक शब्द शिकवला. तो. … हां, आठवलं ना?

तो पावलं मोजत येतो. दारापासून अकरा पावलं, मग डावीकडे, मग त्याचा बाक. त्या मुलीनं हाक मारली, ती त्याला ऐकूच गेली नाही. सरळ आला. आणि शरफुन्निसा… त्याच बाकाभोवती दोरी लावलेली. फोटोसाठी ठेवलाय तो. पाटी पण आहे, ‘इथे बसू नये’. त्याला कुठली दिसते पाटी? तो दोरीला अडखळला. पडला नाही, पण काठी गेली हातातून. आणि गार्डनं त्याला दंडाला धरलं आणि बाहेर काढायला लागला.

मी? … मी तिथेच होतो. तीन हातांवर. ट्रे घेऊन.

अबू जासिम मला म्हणाला… म्हणजे मला नाही, असंच हवेत माझं नाव घेऊन म्हणाला, “नसर, मी चुकीच्या दारात आलो का रे?”

…

आहे. आहे फोनवर.

नाही, मी काही बोललो नाही. तेच तर लागलंय मनाला. एकतीस वर्षांत त्या माणसाला मी पहिल्यांदा उत्तर दिलं नाही.

मग? मग जाकीट काढलं, ट्रेवर ठेवलं, आणि गेलो त्याच्या मागे. समोर मशिदीचा कट्टा आहे, तिथे बसवलं. परत आत जाऊन त्याचा चहा करून आणला. ती मागे फिरलेली माणसं पण कोपऱ्यावरच उभी होती, ती आली. कट्ट्यावर बसून प्यायले सगळे.

मिशाल बाहेर आला. … नाही, ओरडला नाही. मीच ओरडलो. … हो, मी. … अगं झालं तोंडातून. म्हटलं, तुझ्या बापाचे बाक ठेवलेस, भिंती ठेवल्यास आणि बापाची माणसं तेवढी बाहेर काढलीस. ही माणसं नसतील तर हे लाकूड आहे नुसतं, जाळ ते.

कफीलला, हो. … मला काय, वाटलं आता खलास, उद्या विमानात बसवतो. आणि खरं सांगू? वाटलं, बसवू दे. दमलोय गं मी. गुडघे दुखतात. पहाटे उठून किटली उचलायची म्हटलं तरी हाताला कळ येते.

पण तो नुसता आत गेला. आणि आज सकाळी हा कागद घेऊन आला. म्हणाला, चाचा, पहाटे फजरच्या नमाजपासून दहापर्यंत दुकान जुन्या लोकांचं. दोरी नाही, बुकिंग नाही, गाणी नाहीत. डॉमिनो खेळू देत, बागांच्या पाण्याच्या पाळीवरून भांडू देत, जे करायचं ते करू देत. पण ते सांभाळायला तुम्ही हवेत. तुम्ही जाणार असाल तर मी कुणाच्या भरवशावर उघडू?

बघ. आता सांग तू.

… हो. … हो, बरोबर आहे तुझं. … पण या म्हाताऱ्यांनी जायचं कुठे? पोरं सगळी रियाधला. घरात एक नोकर आणि एक टीव्ही. दुकान चार महिने बंद होतं त्यात दोघं गेले आमच्यातले. … नाही, दुकानामुळे नाही. वयामुळेच. पण गेल्याचं बाकीच्यांना आठ-आठ दिवसांनी कळलं. पूर्वी कोणी एक दिवस आला नाही तर आम्ही संध्याकाळी दार वाजवायचो त्याचं.

काय म्हणालीस?

… असं नको बोलू.

… मी कधी म्हटलं ती माझी माणसं आणि तू कोणी नाहीस? … कधी म्हटलं? … शरफुन्निसा… रडू नकोस गं. तू रडलीस की मला काही सुचत नाही. … हो, रागावूनच रड मग, पण फोन ठेवू नकोस.

थांब हां. दार वाजतंय. … अगं नाही, पळत नाहीये. खरंच कोणीतरी आलंय. ठेवू नकोस, हातातच आहे फोन.

या, या मास्तर… अहलन. बसा. इथे, पलंगावर बसा. … हो, घरचा फोन आहे. बायको. … अहो नाही, तुम्ही बोला.

… काय? … तुम्ही? … मास्तर, तुमच्या घरी पाणी तरी कोणी उकळू दिलंय का तुम्हाला? … आणि बाकीचे काय म्हणाले? … अबू जासिम म्हणाला असं? … कधी? मशिदीत? … मिशालला विचारलंत? … बरं. … बरं. … नाही, मला वाईट कशाला वाटेल? … नाही हो. डोळ्यांत काही नाही. झोप झाली नाही एवढंच. … उद्या फजरनंतर या. जुना कपडा घालून या, हा पांढरा झगा नको.

हॅलो? … आहेस? … गेला तो. अरबीत चाललं होतं, तुला काय कळलं असणार.

अबू हमद होता. शाळेत मास्तर होता, रिटायर झालाय. म्हणतो, चहा मी करीन. … अगं हो, स्वतः. सत्तर वर्षांचा माणूस, जन्मात चुलीपुढे उभा राहिला नाही. म्हणतो, मला शिकव आणि तू घरी जा. दोघं-तिघं आलटून पालटून करू.

मीच सकाळी बोललो होतो त्यांच्याजवळ, पोरीला आठवा लागलाय म्हणून. तर या लोकांनी मशिदीत बसून हे ठरवलं. अबू जासिम म्हणाला म्हणे, “नसरनं आपल्याला एकतीस वर्षं चहा दिला, आता आपण त्याला एक सुट्टी द्यायला काय हरकत आहे? कायमची.”

मिशाल? … तो काय म्हणणार! अबू हमदच्याच वर्गात शिकलाय तो. मास्तरनं कान धरलेला. म्हणाला, जसं तुम्ही म्हणाल तसं.

हो. … म्हणजे येतो. … फायनल एक्झिट, कायमचा परत, हो. तीन आठवडे दे मला. … तीनच. मास्तरला किटली धरायला शिकवायला एक आठवडा तर जाईलच. … उमामाच्या बाळंतपणाआधी. नक्की. या वेळी दवाखान्याच्या दारात उभा असेन.

… खूश? … कळत नाही गं. व्हायला हवं ना? … दुकान राहील. माणसं बसतील. माझ्याशिवाय. हे पण बरंच आहे. फक्त एकदम रिकामं रिकामं झालंय.

आणि तिकडे येऊन मी सकाळी करू काय? कोणाला चहा देऊ?

… तुला?

… तू कुठे… नाही, थांब. सुट्टीला आलो की तूच करायचीस. मी बसायचो ओट्यावर. … खरंच? एकदाही नाही केला मी तुला? … एकतीस वर्षांत?

… या अल्ला.

नाही, बोलतोय. बोलतोय. … करीन ना. रोज करीन. आलं घालून, दूध आटवून, इथे थंडीत करतो तसा. … अगं इथल्या चाळीस माणसांची साखर मला तोंडपाठ आहे, कोणाला किती ते. तू साखर किती घेतेस?

… हॅलो?

शरफुन्निसा? … आवाज तुटतोय. … साखर. साखर किती घेतेस तू?

हॅलो? … हॅलो…