देवळामागचा कटला

आता तुम्हीच सांगा, शहाण्या माणसानं अर्धं वाक्य गॅलरीत बोलावं आणि उरलेलं अर्धं बोलायला आत घरात जावं का? मधुसूदनरावांनी हेच केलं! मधुसूदनराव म्हणजे आमचे शेजारी, त्यांची-आमची भिंत एक, कचेरीत कारकून होते, आता रिटायर. बोलतात हळू आणि तोलून, त्यामुळं ऐकायला... म्हणजे ऐकू यायला जरा त्रास होतो. तर ते फोनवर भावाला सांगत होते, "अरे, कटला! मांडीएवढा! खुलताबादच्या रस्त्याला तो डोंगराखालचा तलाव नाही का, तिथं देवळामागच्या पायऱ्यांवर, शनिवारी सकाळी. कणकेची गोळी टाकली की हाताशी येतो. पण एक आहे हं, तो मासा..." आणि गेले आत! दार लावलं! पंखा लावला! मी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायच्या निमित्तानं जरा जवळ गेलो, तर नुसती पंख्याची घरघर. मी ऐकायला गेलो नव्हतो हं, कानावर पडलं. कानाला काय झाकण असतं का?

बरं, त्यांच्या घरात अंड्याचं नाव काढलं तरी भानुमतीवहिनी खिडक्या उघडतात. अशा घरात कटल्याचा विषय! दुसरा कुणी असता तर सोडून दिलं असतं, पण तुम्हाला सांगतो, माझा इज्जतीचा सवाल होता.

त्याचं असं, आमची मोनिका दिली पैठणच्या बाजूला, अगदी धरणाच्या पाण्याकाठी. व्याही बन्सीराव. माणूस लई चांगला, पण आला की ओल्या पोत्यात मासे घेऊन येतो, पोतं आमच्या मोरीत टाकतो आणि दरवेळी तेच, "कडुबा पाव्हणं, तुमच्या शहरात माणसाला नळाचं पाणी आठवड्यानं भेटतंय, माशाला कुठून भेटायचं?" सगळे हसतात. जावई हसतो, मोनिका हसते... स्वतःची पोरगी! गेल्या बारशाला मला नाय राहवलं. भर पंगतीत उठलो आणि बोललो, "पुढच्या रविवारी जेवायला या. माझ्या हातानं धरलेला मासा तुमच्या पानात वाढतो, नाहीतर पुन्हा तुमच्यासमोर मान वर करणार नाय!" पंगत गप्प. मी पण गप्प, कारण लहानपणी सिल्लोडकडं ओढ्यात फडक्यानं बोटाएवढ्या चिंगळ्या धरल्या होत्या, तेवढीच माझी विद्या.

आमची द्वारकाबाई म्हणाली, "बाजारातून आणा की, कोण बघतंय?" अगं, बन्सीराव बघतात! माशाचं तोंड उघडून ओठाला गळाचं भोक आहे का ते बघतात. मोनिकाला बघायला आले होते तेव्हा इतकं बारीक नव्हतं बघितलं! आणि अशात ते वाक्य कानावर पडलं. आता ह्याला देवाची करणी म्हणायचं नाय तर काय?

तयारी सुरू केली. कणकेची गोळी एवढं तर ऐकलेलं होतं, पण मी म्हटलं, नुसत्या कणकेला कोण विचारतंय, त्यात आपली थोडी अक्कल घालावी. मग शेंगदाण्याची पेंड घातली, फुटाण्याचं पीठ घातलं, हिंग घातला, कुणी म्हणालं बडीशेप, बडीशेप घातली, कुणी म्हणालं गुलकंद, तो पण घातला. द्वारकाबाईनं वास घेतला आणि म्हणाली, "मासा गळाला लागायला येणार आहे का पान खायला?" वर म्हणती, "शनिवारी धरताय, मारुती बघतोय." मी म्हटलं, धरतोय शनिवारी, खायचा रविवारी, मारुतीचा ह्यात संबंध येत नाही. तरी जाताना तिनं स्टीलच्या डब्यात साधी कणीक मळून दिलीच. बायकांना आपल्या अकलेवर विश्वास नसतो, दुसरं काय.

तलावावर राखणदाराला विचारलं. तो म्हणाला, "जाळं नको, गळ टाका, तसंही काही लागत नाही." असा शुभ आशीर्वाद घेऊन देवळामागं बसलो. माझ्या गुलकंदाला खेकड्याशिवाय कुणी हात लावला नाही. शेवटी वैतागून द्वारकाबाईची कणीक लावली... आणि आला हो! आला म्हणजे काय, पाहुणा यावा तसा आला! मोठं डोकं, वर उघडलेलं तोंड, सरळ पायरीपाशी, जणू ताट कुठं मांडलंय विचारतोय. गळाला लागला म्हणणं पण खोटं आहे, तो जेवायला बसला. मग मात्र ओढाताण झाली, माझी एक चप्पल तलावात गेली, मी गुडघ्यापर्यंत गेलो, पण धरला! ह्या हातांनी! मांडीएवढा! घमेल्यात पाणी घेऊन त्यात ठेवला तर शेपटी बाहेर!

तेवढ्यात मागून बांगड्या वाजल्या.

"अहो भाऊजी! तुम्ही इथं?"

बघतो तर भानुमतीवहिनी. हातात स्टीलचा डबा. मागं मधुसूदनराव, देवळापाशी काढलेल्या चपला हातात घेऊन. मी वहिनींच्या डब्यात बघितलं, त्यांनी माझ्या डब्यात बघितलं. दोन्हीकडं कणकेच्या गोळ्या! मग त्यांनी घमेल्यात बघितलं आणि खालीच बसल्या. "अहो, हा तर आमचा! शेपटीला खाच आहे बघा. सगळ्यात आधी हाच येतो. माझ्या हातचं खातो हो हा..."

मग सगळं, त्या उरलेल्या अर्ध्या वाक्यासकट, बाहेर आलं. त्यांच्या श्रीरंगचं लग्न जमेना, पत्रिकेत शनि आडवा. ज्योतिषांनी उपाय दिला, दर शनिवारी माशांना कणकेच्या गोळ्या घाला, आणि लग्न ठरेस्तोवर कुणाला सांगू नका, सांगितलं की फळ गेलं. "आणि आज संध्याकाळी मुलीकडचे निरोप देणार आहेत भाऊजी! नेमकं आज तुम्ही ह्याला घमेल्यात घातलंत?"

मधुसूदनराव खाकरले. "कायद्यानं पाहिलं तर मासा पाण्याबाहेर आला की धरणाऱ्याचा. परंतु त्याच्या पोटातली कणीक विचारात घेता..."

"तुम्ही गप्प बसा!"

"बसलो."

"आणि भाऊजी, तुम्हाला ही जागा कुणी सांगितली?"

मी म्हटलं, "वहिनी, मी ऐकायला गेलो नव्हतो, कानावर पडलं."

वहिनींनी मधुसूदनरावांकडं पाहिलं. मधुसूदनरावांनी डोंगराकडं पाहिलं.

आता माझी अवस्था बघा. एकीकडं बन्सीराव, उद्या दुपारी हात धुऊन पाटावर बसणार. दुसरीकडं ही बाई, जिनं मोनिकाच्या लग्नात जागून जागून आमचं रुखवत मांडलं, स्वतःच्या पोराचं कधी मांडायला मिळेल म्हणून डोळे पुसत पुसत मांडलं. काय करणार? उचललं घमेलं, दिलं ओतून. आणि त्या माशाला शरम आहे का बघा! ओठाला भोक, आत्ता मरणाच्या दारातून सुटलेला, एक गिरकी मारली आणि परत पायरीपाशी, वहिनींच्या हातची गोळी खायला!

वर वहिनींनी हात जोडले. "आता तुम्हाला कळलंय, तर लग्न ठरेस्तोवर कुणाला बोलू नका. तुमच्या पोटात राहील ना?" मला हो! ज्याला दोन गल्ल्यांत कुणाकडं आज कोणती भाजी आहे ते तोंडपाठ, त्या माणसाला! मी म्हटलं, राहील. घरी येईस्तोवर पोट दुखायला लागलं.

रविवारी बन्सीराव आले. पानात शेवभाजी. त्यांनी शेव चमच्यानं बाजूला सारून खाली बघितलं. "पाव्हणं, मासा?"

"धरला होता. सोडून दिला."

बन्सीरावांनी चमचा खाली ठेवला. मग असे हसले, असे हसले, की ठसका लागला, द्वारकाबाई पाणी घेऊन धावली. "पाव्हणं, हे वाक्य आमच्यात बारकी पोरं बोलत्यात! केवढा होता?" मी हात पसरले. "अजून पसरा की, का भिंत मधी येती?" बरं, सोडला का, ते सांगता येईना! खऱ्या माणसाची एवढी फजिती कुठं बघितलीय का? शेवटी राहवेना, भिंतीपलीकडं वहिनींना हाक मारली. त्या कोशिंबिरीची वाटी घेऊन आल्या.

"वहिनी, काल सकाळी मी तलावावर..."

"कुठला तलाव हो भाऊजी? शनिवारी आम्ही मारुतीला जातो." तोंडानं हे, आणि पदराआडून मला हात जोडताहेत! बन्सीरावांनी माझ्या पाठीवर थोपटलं. "असू द्या पाव्हणं, शेवभाजी झकास झालीय." तुम्हाला सांगतो, हसले असते तर चाललं असतं. थोपटलेलं लई लागतं.

मुलीकडच्यांनी निरोप दिला, पण होकार नाही, "विचार करतो" म्हणाले, आणि विचार करत राहिले! तोवर मी तोंड शिवून. माझ्यासारख्या माणसानं! डॉक्टरनं ॲसिडिटी सांगितली, मला कारण माहीत होतं, पण ते तरी डॉक्टरला कसं सांगू? बरं, नंतर कळलं, मुलीनं पहिल्याच दिवशी हो म्हटलं होतं, तिचे काका परगावी होते म्हणून थांबले होते. मी ऐकायला गेलो नव्हतो, कानावर पडलं.

परवा साखरपुडा झाला, म्हणून तर आता तुमच्याशी बोलतोय. बन्सीरावांना मी मुद्दाम बोलावून घेतलं. भर मांडवात, पंगत बसलेली असताना, वहिनींना समोर उभं केलं. "वहिनी, आता सांगा. मी मासा धरला होता का नव्हता?"

"अहो, खरंच धरला होता!" वहिनी म्हणाल्या. "मी डोळ्यांनी पाहिला. आणि माझ्या एका शब्दावर सोडला. भाऊजी म्हणजे देवमाणूस आहेत, बन्सीराव." माझी छाती अशी वर आली! बन्सीराव उठून उभे राहिले, माझा हात हातात घेतला. "पाव्हणं, मी चुकलो. वहिनी, केवढा होता हो?"

वहिनींनी हातातलं पेढ्याचं ताट खाली ठेवलं, एक तळवा पुढं केला आणि त्यावर दुसऱ्या हाताचं बोट टेकवून दाखवलं. "एवढुस्सा हो! लेकरूच ते."

मी मधुसूदनरावांकडं पाहिलं. ते म्हणाले, "मोजमाप झालेलं नाही."

बन्सीरावांनी माझा हात हळूच सोडला आणि माझ्या पानात एक जिलबी वाढली. आता मी वहिनींशी काय भांडू? अर्धं टक्कल पडलेल्या श्रीरंगला जी बाई साखरपुड्याच्या पाटावर, सासऱ्यासमोर, "बाळ, पाय जवळ घे, पडशील" म्हणते... तिला कटला तरी केवढा दिसणार!