फुकट तोडलेली चिंच

मंडळी, ऐका. टाळ जरा बाजूला ठेवा. नामाजीबुवा, पखवाजावरचा हात थांबवा. एक प्रश्न विचारतो, त्याचं उत्तर द्या. एखादं काम स्वस्तात झालं — अगदी फुकटात झालं म्हणा — तर त्याची उरलेली किंमत भरतं कोण?

पुढं बसलेले हसले! "बुवा, फुकट म्हटल्यावर किंमत कसली?" असंच मनात आलं ना? मलाही तसंच वाटायचं. मग ऐका.

आमचं गाव कोळंबखेड. गावात नागेश्वराचं देऊळ. देवळापुढं चिंच — दोघांच्या कवेत न मावणारी! आणि त्या चिंचेखाली पत्र्याची एक खोली. तिथं राहायचा केरबा गुरव. देवाची पूजा त्याच्याकडं, झाडलोट त्याच्याकडं, आणि पखवाजही त्याच्याकडं. मंडळी, त्याचा हात काय सांगू! मी कीर्तनात चुकलो, तर हा मागून अशी एक थाप द्यायचा, की लोकांना वाटायचं बुवा मुद्दामच थांबले. माझी निम्मी अक्कल त्याच्या उजव्या हातात होती. खोटं नाही सांगत!

तर त्या चिंचेच्या दोन फांद्या वाळल्या. कुठल्या? केरबाच्या पत्र्यावरच्याच! केरबा विश्वस्तांकडं गेला. आमचे अध्यक्ष आबासाहेब खराडे. हात जोडून म्हणाला, "आबासाहेब, तेवढ्या दोन वाळक्या फांद्या काढा की. वारं आलं की कडकड वाजत्यात. जेवताना घास खाली उतरत न्हाई."

आबासाहेब म्हणाले, "काढू की! पण रीतसर. तीन कोटेशनं मागवू."

रीत म्हणजे रीत हो! देवळाला चुना लावायचा, तीन कोटेशनं. मांडव घालायचा, तीन कोटेशनं. सगळ्यांत कमी आकडा बघायचा, खाली पाच विश्वस्तांच्या सह्या — झालं काम! तुम्हीही आजच्या कीर्तनाला तीन बुवांना फोन केलात. कळलंय मला. मी स्वस्तात पडलो! हसा, हसा.

पहिला आला विश्राम घोणे, तालुक्याचा. झाडांची निगा राखायची त्याची कंपनी. कंपनी हो! आम्ही पोट धरून हसलो. माणसाला डॉक्टर मिळत नाही गावात, आणि चिंचेला कंपनी! पण तो हसला नाही. त्यानं पिशवीतनं एक लाकडी हातोडी काढली आणि बुंध्याला कान लावून ठोकत फिरला. वर चढला. फांदी-फांदी ठोकून बघितली. खाली केरबा उभा. तो एकदम म्हणाला, "ती तिसरी पोकळ बोलतीया."

विश्राम वरून म्हणाला, "कान तयार आहे की तुमचा!"

"आवो, जलम गेला ह्यात. तोंडावरची शाई उडालेला पखवाज असाच बोलतो."

त्या दोघांना झाड ऐकू येत होतं, मंडळी. आम्हा पाच विश्वस्तांना आकडा ऐकायचा होता!

विश्राम उतरला. म्हणाला, "दोन मेल्यात, तिसरी आतून गेली. दोर बांधून एकेक तुकडा खाली उतरवावा लागेल, नाहीतर पत्र्यावर पडेल. हिरव्या फांदीला हात लावायचा नाही — तीच वारा अडवतेय. माझ्या माणसांचा विमा आहे. पावसाळ्याआधी परत येऊन बघीन. अठरा हजार."

अठरा हजार! आबासाहेबांच्या हातातला चहा बशीत सांडला. "आम्हाला चिंच तोडायची आहे बाबा, तिचं लग्न नाही लावायचं!"

दुसरा कोण आला ते सोडा. तोही पैसेच मागत होता. तिसरा आला बाबू गारळे. ट्रक, करवतीचं मशीन, आणि तोंडात साखर! झाडाकडं बघितलं का त्यानं? बघितलं! पण कसं? खाटीक बकऱ्याकडं बघतो तसं. म्हणाला, "देवाचं काम! पैशे कसले घ्यायचे? तुम्ही एक रुपाया देऊ नका. लाकूड तेवढं मी नेतो. वरनं देवाला अकराशेची देणगी!"

आता सांगा, ह्याच्यापेक्षा कमी आकडा कुठला? शून्याच्याही खाली! आबासाहेबांचा चेहरा असा उजळला, जणू नागेश्वरच भेटला. ठराव लिहिला. सह्या झाल्या. केरबा दारात उभा होता. विचारलं त्यानं, "पर वाळक्या फांद्या निघतील न्हवं?"

"निघेल रे सगळं! फुकटात होतंय आणि तू फाटे फोडतोस?"

मशीन सुरू झालं. सकाळपासून दुपारपर्यंत! हिरव्यागार फांद्या, मांडीएवढ्या, धाडधाड खाली. बगळ्यांची घरटी खाली आली, पिलं मातीत तडफडली. आम्ही काय म्हणालो? "वा! किती उजेड पडला!" बायका म्हणाल्या, "आता पापड वाळत घालायला जागा झाली." बाबूला नारळ दिला, शाल दिली! ट्रक भरून गेला वीटभट्टीवर.

आणि केरबानं मान वर केली. वाळक्या फांद्या? तिन्ही जागच्या जागी!

धावला ट्रकमागं. "बाबूशेठ! ह्या ऱ्हायल्या की!"

बाबू काय म्हणाला? कान देऊन ऐका, सगळं आख्यान ह्या वाक्यात आहे. बाबू म्हणाला, "अरे, ते किडकं लाकूड कोण घेतंय? भट्टीवाला फुकटबी घेत न्हाई. त्यावर माणूस चढवला तर माझा माणूस पडायचा."

बाबू खोटं बोलला का? नाही! आम्ही त्याला मजुरी दिलीच नव्हती. त्याची मजुरी लाकडात होती. मग तो विकणारं लाकूडच तोडणार! जिवंत होतं ते नेलं, मेलेलं होतं ते केरबाच्या डोक्यावर ठेवलं. कळायला काय अवघड होतं? पाच शहाणी माणसं बसली होती!

केरबा मग एका विश्वस्ताकडं गेला. जवळचा माणूस म्हणून गेला. "तुम्ही तरी सांगा आबासाहेबास्नी. आता तर आडोसाबी गेला. वारं थेट लागतंय तिला."

तो विश्वस्त म्हणाला, "बघू. पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ."

बारा दिवस गेले. वैशाखातली दुपार. वळवाचं वारं उठलं. संध्याकाळी कीर्तन होतं, म्हणून केरबा खोलीत पखवाजाला कणीक लावत बसला होता. डावीकडं कणीक लावायची, उजव्या हातानं थाप देऊन बघायचं. कणीक लावली. थाप दिली. दुसरी थाप द्यायला हात उचलला —

कडाड्!

पत्र्यासकट फांदी खाली. आम्ही धावलो. केरबा जिवंत होता! पण उजवा हात मनगटापासून फांदीखाली. तिथंच पखवाजही फुटलेला. मंडळी, त्या माणसानं बोंब नाही मारली. मला म्हणाला, "बुवा, तुमचं आजचं कीर्तन व्हायचं कसं?"

लाज वाटली. आजही वाटते. त्याच्यापुढं अजून मान वर होत नाही माझी.

हात राहिला, पण मूठ मिटत नाही. बोटं उघडत नाहीत. डॉक्टर म्हणाले, एवढंच होईल. आणि विश्वस्तांनी काय केलं? तातडीची मीटिंग! पहिला ठराव — पाटी लावावी. "झाडाखाली बसू नये. अपघात झाल्यास देवस्थान जबाबदार नाही." दुसरा ठराव — झाडच धोक्याचं आहे, मुळापासून काढावं. कोणाला बोलवायचं? बोला, बोला! बरोबर! बाबूलाच! पुन्हा फुकट! ह्या वेळी देणगी एकवीसशे, आणि सभामंडपात संगमरवरी पाटीवर नाव. उद्या या बघायला. नाव आहे. चिंच नाही.

आता तुम्ही म्हणाल, बुवा, त्या "बघू" म्हणणाऱ्या विश्वस्ताचं नाव सांगा. सांगतो. त्याच्या कपाळाला आत्ता बुक्का आहे, गळ्यात तुम्ही घातलेला हार आहे. बाबूला चिंच फुकट दिली, त्या अगदी पहिल्या ठरावावरची पाचवी सही माझी! मुळापासून काढायच्या ठरावावर मी सही केली नाही. फार मोठा पराक्रम! तोवर हिरव्या फांद्या गेल्या होत्या आणि केरबाचा हातही.

मी चार-पाच तास शास्त्र सांगू शकतो हो. लोभ वाईट म्हणून घसा कोरडा करतो. पण शून्याचा आकडा दिसला आणि मी विचारलं नाही — हा फुकट करतोय, तर ह्याला मिळतंय काय? कुठून मिळतंय? एवढा एक प्रश्न! विचारला असता तर आज नामाजीबुवांना दोन गावं ओलांडून यावं लागलं नसतं.

आता तुमच्याकडं वळतो. मघाशी दर्शनाला आत येताना मी वर बघितलं. तुमच्या मारुतीच्या शेजारचा नांद्रुक. दक्षिणेची फांदी वाळली आहे. तिच्याखाली फुलवाल्या मावशी बसतात. अध्यक्ष माझ्या कानात म्हणाले, "बुवा, तोडायला एक जण फुकट यायला तयार आहे." खाली बघू नका अध्यक्ष! तुमच्यावर रागवायचा मला अधिकार नाही. मी फक्त विचारतो — मावशींना विचारलंत का? फांदी त्यांच्या डोक्यावर आहे. उरलेली किंमत त्या भरणार आहेत. तुम्ही फक्त सही करणार.

आणि त्या खांबाला टेकून, मागं, पांढऱ्या टोपीतला माणूस बसलाय ना? तो केरबा. प्रत्येक कीर्तनाला मी त्याला बरोबर आणतो. लोक म्हणतात, बुवांचं मन मोठं. नाही हो! तो समोर नसला तर मी ही गोष्ट सांगताना माझी सही गाळून टाकीन. मला माहीत आहे मी कसा आहे ते.

उठा आता. देवाच्या नावानं टाळी वाजवा. जोरात वाजवा! ज्यांचे दोन्ही हात चालतात, त्यांनी वाजवा.