सांगवीला थांबणारी बस

इंडेक्स शिळा होतो म्हणजे नेमकं काय होतं, ते मला सांगवीच्या स्टॉपवर समजलं, राव. आमच्या चाकणच्या कंपनीच्या बसचं अ‍ॅप मी बघतो. कामगारांच्या नोंदी बऱ्याच सर्व्हरवर विखुरलेल्या, त्याही कामगार नंबरप्रमाणे. कुठल्या स्टॉपवर कोण चढणार, हे ड्रायव्हरला पटकन दिसावं म्हणून स्टॉपप्रमाणे वेगळा इंडेक्स, म्हणजे नावांची यादी, केलाय. माणूस रिटायर झाला की मूळ नोंद जाते, पण इंडेक्समधलं नाव कधीकधी तसंच राहतं.

तर तक्रार आली, पहिल्या शिफ्टची बस सांगवीला उगाच थांबते, सगळ्यांचं पंचिंग लेट होतं. म्हणून एक दिवस मीच बसलो बसमध्ये. बघतो तर स्टॉपवर रिटायर झालेले कांबळेकाका, इस्त्रीचा शर्ट घालून उभे! दार उघडलं.

"काय रे, माझं मशीन नीट चालतंय ना?"

"तुमची आठवण काढतंय, काका!" आतून कोणीतरी ओरडलं. काका हसले, हात हलवला आणि घराकडे वळले.

ड्रायव्हर शिंदेभाऊ माझ्याकडे न बघताच म्हणाले, "अ‍ॅपमध्ये नाव दिसतंय, साहेब. थांबावंच लागतं."

ऑफिसात पोचल्यावर मी इंडेक्स दुरुस्त केला. जिवावर आलं होतं, पण केला.

आठवड्याने शिंदेभाऊंचा फोन. "साहेब, काकांचं नाव गेलं. पण आता सांगवीला रोज गाडीचं दार अडकतंय बघा."

"दार माझ्याकडे येत नाही, भाऊ," मी म्हणालो. "अडकू द्या."