बुडालेल्या कालवडीचा निकाल

लेनर्ड : ...आणि चौकाच्या अलीकडेच तू उतर. तुझ्या अशिलाने आपल्याला एकाच गाडीतून उतरताना पाहिलं, तर त्याला वाटेल बापलेकीने निकाल घरीच लावून टाकला.

हेस्टर : मागच्या खेपेला मी उतरले होते, बाबा. आज तुम्ही उतरा.

लेनर्ड : मी एकाहत्तर वर्षांचा आहे.

हेस्टर : रविवारी सफरचंदाच्या झाडावर चढताना नव्हतात.

लेनर्ड : गाडी माझी आहे.

हेस्टर : हा एकच मुद्दा पटण्यासारखा आहे.

लेनर्ड : तसंही हा बीटचा ट्रक पुढे आहे तोवर कुणी कुठेच उतरत नाही. नॉरिचपासून याची पाठ बघतोय.

हेस्टर : मागे टाका की त्याला.

लेनर्ड : चाळीस वर्षं या रस्त्याने किंग्ज लिनच्या कोर्टात जातोय. बीटच्या ट्रकला मागे टाकणारा माणूस अजून भेटला नाही.

हेस्टर : सँडविचमध्ये काय आहे?

लेनर्ड : हॅम. आणि खटल्याबद्दल विचारायचं नाही.

हेस्टर : हॅमबद्दल विचारलं मी.

लेनर्ड : सुरुवात अशीच होते.

हेस्टर : एकाच कचेरीत, एकाच चेंबर्समध्ये बसणारे दोन बॅरिस्टर एकमेकांविरुद्ध, तेही बाप आणि मुलगी. डेनिसला दुसरं कुणीच मिळालं नाही?

लेनर्ड : डेनिस कारकून आहे. कोण मोकळं आहे, एवढंच त्याच्या डायरीत दिसतं, नातीगोती दिसत नाहीत. शिवाय दोन्ही अशिलांनी लेखी होकार दिलाय. बांधाचं भांडण सुरू झाल्यापासून त्यांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट.

*

लेनर्ड : हेस्टर, इकडे ये. खिडकीपाशी. हे वाच.

हेस्टर : आत्ता? दहा मिनिटांत पुकारा होईल आपला. काय आहे हे? "कालवड बुडाल्याबद्दल नुकसानभरपाई." बाबा, आपलं भांडण कुंपणाचं आहे.

लेनर्ड : तिसरं पान.

हेस्टर : "...चर ज्याने खणला, त्याची हद्द चराच्या पलीकडच्या काठापर्यंत धरावी. मागाहून कुंपण कुणी कुठेही लावलेलं असो..." अपील कोर्टाचा निकाल आहे हा.

लेनर्ड : बसायचं असेल तर बाक आहे.

हेस्टर : आपला चर माझ्या अशिलाच्या पणजोबांनी खणलाय. म्हणजे मी जिंकले.

लेनर्ड : हळू बोल. माझा अशील आजोबांचा नकाशा मांडीवर घेऊन तिथे बसलाय.

हेस्टर : मला कसा नाही सापडला हा?

लेनर्ड : तू संगणकाला "चर" विचारलंस, "कुंपण" विचारलंस. शंभर वर्षांपूर्वी ज्याने अनुक्रमणिका केली, त्याला कालवडीचं जास्त वाईट वाटलं होतं.

हेस्टर : आणि तो तुम्ही मला देताय.

लेनर्ड : आपल्याविरुद्ध जाणारा निकाल माहीत असला, तर तो कोर्टापासून लपवायचा नाही. हे तुलाही शिकवलंय. त्या परीक्षेला मीच तुला स्टेशनवर सोडलं होतं.

हेस्टर : मग कोर्टाला द्या. नियमात माझं नाव नाही.

लेनर्ड : मी दिला, तर न्यायाधीश पार्जिटरबाई आसनावरून विचारतील, मिस अटिंग, हा तुम्हाला कसा माहीत नव्हता? फार सभ्यपणे विचारतील. तुझ्या न्यायाधीशपदाच्या अर्जावर शिफारस त्याच लिहिणार आहेत ना?

हेस्टर : अर्धवेळ न्यायाधीश.

लेनर्ड : असं का. मग अपमान अर्धाच होईल.

हेस्टर : तुम्हाला हा खटला देणाऱ्या सॉलिसिटरला काय सांगाल? त्या गॉरिकला?

लेनर्ड : की समोरच्या बाजूकडे आपल्याला बुडवणारा निकाल आहे. यात खोटं काय? कुणाच्या हातात आहे तो आता?

*

लेनर्ड : "मिस अटिंग यांच्या चिकाटीबद्दल हे कोर्ट ऋणी आहे." काय मान लववलीस! विगचा केससुद्धा हलला नाही.

हेस्टर : पुरे, बाबा.

लेनर्ड : कौतुक करतोय.

हेस्टर : गॉरिक बाहेर सगळ्या वकिलांच्या देखत तुम्हाला काय म्हणाला ते ऐकलं मी. "वय झालं तुमचं. मुलीला सापडतं ते तुम्हाला सापडत नाही."

लेनर्ड : चौदा वर्षांत गॉरिकला पहिल्यांदाच स्वतःचं मत झालं. त्याला कशाला अडवू?

हेस्टर : तुम्ही खरं सांगायचं होतंत.

लेनर्ड : तूही तिथेच होतीस. तोंडही होतं. अर्ध्या तासापूर्वी उत्तम चालत होतं.

हेस्टर : हेच! मदत करायची आणि घर येईपर्यंत ती मोजून दाखवायची. मी काही मागितलं नव्हतं. बेचाळीस वर्षांची आहे मी. मला दान नको होतं.

लेनर्ड : दान? खटला हरलोय मी, बाई.

हेस्टर : हरूनसुद्धा वरचढ तुम्हीच. कायमच.

लेनर्ड : अर्धं सँडविच उरलंय.

हेस्टर : मला चेंबर्सपाशी सोडा.

लेनर्ड : रविवारी जेवायला येशील?

हेस्टर : बघू.

लेनर्ड : "बघू." लग्नाचं विचारलं तेव्हा तुझ्या आईनेही हेच सांगितलं होतं.

(बारा दिवसांनंतर. नॉरिच. चेंबर्समधली मुख्य कारकुनाची खोली.)

डेनिस : मिस, दोनपर्यंत तुम्ही घरी थांबायला हवं होतं.

हेस्टर : घरी लोक फुलं आणून देताहेत, डेनिस. फुलदाण्या संपल्या. लिलीची फुलं किटलीत खोचून ठेवलीयत आणि मला चहा हवाय.

डेनिस : बसा. आमच्या किटलीत अजून चहाच असतो.

हेस्टर : खटल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टातून फोन आला, तो तुम्हीच घेतलात ना?

डेनिस : पावणेदहाला. साहेब अजून आले नाहीत म्हणाले. मी म्हटलं, असतील कुठल्या तरी ट्रकच्या मागे. तासभर मी त्यांना मनात शिव्या घातल्या, मिस. आणि ते तेव्हा स्वयंपाकघरात... डॉक्टर म्हणाले, काही कळलंही नसेल.

हेस्टर : डॉक्टर सगळ्यांना तेच म्हणतात.

डेनिस : हो. पण चांगलं म्हणतात. बरं, दोन वाजता कोर्टात श्रद्धांजली. सगळे विग-गाऊन घालून. बोलणार आपले चेंबर्सप्रमुख. भाषण टाइप करायला मलाच दिलंय. वाचू?

हेस्टर : वाचा.

डेनिस : "लेनर्ड अटिंग यांना शेवटच्या दिवशी स्वतःच्या कन्येकडून हरण्याचं भाग्य लाभलं. जो निकाल त्यांच्या नजरेतून सुटला, तो कन्येने शोधला. गुरूला याहून मोठी पावती कोणती?" पुढे कंसात लिहिलंय, "हशा".

हेस्टर : ते काढायला सांगा.

डेनिस : कारण काय सांगू?

हेस्टर : बरोबर नाही, म्हणून.

डेनिस : गॉरिकसाहेबांनी तर जिल्हाभर हेच पसरवलंय. शेवटी शेवटी म्हाताऱ्याच्या हातून निकाल निसटायला लागले होते म्हणे. लोक मला दारात गाठून हळहळतात आणि त्याच दमात म्हणतात, वेळेवर सुटले.

हेस्टर : मूर्ख आहेत.

डेनिस : आदल्या संध्याकाळी ते पुस्तक तळघरातून मीच वर आणलं होतं, मिस. पुठ्ठा माझ्या हातात सुटून आला. साहेबांनी कालवडीवर बोट ठेवलं नि म्हणाले, "डेनिस, उद्या मी हरतोय. कुठे बोलू नकोस."

हेस्टर : कसे दिसत होते?

डेनिस : नातवंड झाल्यासारखे.

हेस्टर : बारा दिवस तुम्हाला हे माहीत आहे आणि तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत.

डेनिस : मी कारकून आहे. बॅरिस्टर लोकांची गुपितं आणि कॉलरची मापं, दोन्ही माझ्याकडे असतात. वापरायची नसतात. आणि तुम्ही तरी खोटं कुठे बोललात? पार्जिटरबाईंनी आभार मानले, तुम्ही मान लववून खाली बसलात. या धंद्यात यालाच प्रामाणिकपणा म्हणतात.

हेस्टर : आज आसनावर कोण असणार?

डेनिस : त्याच. तुमच्या शिफारसीचं पत्र त्या शुक्रवारी धाडणार आहेत. आज मंगळवार. तीन दिवस गप्प राहिलात तर काम झालं. मी आपलं वार सांगतोय, सुचवत काही नाही.

हेस्टर : श्रद्धांजलीत घरच्यांनी बोलायची पद्धत नाही ना?

डेनिस : नाही. घरची मंडळी मागे बसतात. रडायची सोय तिथे केलेली असते.

हेस्टर : माझा गाऊन कुठाय?

डेनिस : दारामागे. सकाळीच इस्त्री करून ठेवलाय.

*

न्यायाधीश : ...चेंबर्सप्रमुखांची मी आभारी आहे. त्यांनी सांगितलेला बापलेकीचा खटला माझ्याचसमोर चालला होता. आपल्या मुलीला जिंकताना पाहून कुठल्या वडिलांना समाधान वाटलं नसतं? आता आपण सगळे एक मिनिट—

हेस्टर : महोदया, त्याआधी मला बोलायचं आहे.

न्यायाधीश : मिस अटिंग, आज कुटुंबीयांनी बोलावं अशी कुणाची अपेक्षा नाही.

हेस्टर : मी वकील म्हणून उभी आहे, महोदया. या कोर्टाचा एक गैरसमज झालाय. तो माझ्यामुळे झालाय. तो दूर करणं माझ्यावर बंधनकारक आहे.

न्यायाधीश : बोला.

हेस्टर : ज्या चिकाटीबद्दल कोर्टाने माझे आभार मानले, ती माझी नव्हती. तो निकाल मी शोधला नव्हता. पुकारा व्हायच्या दहा मिनिटं आधी विरुद्ध बाजूच्या वकिलांनी तो माझ्या हातात ठेवला. त्याने त्यांचा खटला बुडणार, हे त्यांना आदल्या दिवशीच कळलं होतं.

न्यायाधीश : म्हणजे तो अटिंग यांच्या नजरेतून सुटला नव्हता?

हेस्टर : त्यांच्या नजरेतून चेंबर्समधला चालू राहिलेला दिवासुद्धा सुटत नसे. मिस्टर गॉरिक चौथ्या रांगेत आहेत. हेही त्यांनी जिल्हाभर सांगावं. त्यांना सराव आहे.

न्यायाधीश : मिस अटिंग.

हेस्टर : क्षमा असावी.

न्यायाधीश : हे त्याच दिवशी सांगता आलं असतं.

हेस्टर : आलं असतं.

न्यायाधीश : मग?

हेस्टर : आधी कौतुक गोड लागलं, महोदया. मग राग आला. त्यांचाच. किंग्ज लिन ते नॉरिच, सबंध रस्ताभर.

न्यायाधीश : आणखी काही सांगायचं आहे?

हेस्टर : एवढंच, की ते माझ्याहून चांगले वकील होते. त्यांना ते माहीत होतं. फक्त माझ्या तोंडून त्यांनी ते कधी ऐकलं नाही.