काचेवरची चढाई

हॅलो?... हो, रचनाच बोलतेय. बोला उत्तमकाका... काय? काय नाहीयेत?... डोळे? चित्रातल्या स्वप्नाला मी डोळेच काढले नाहीत?... अहो, काहीतरीच काय!

ओरडू नका हो, बसमध्ये सगळे बघायला लागलेत... हो, घोडबंदरलाच अडकलेय. तासभर बस जागची हललेली नाही... ऐका ना. चेहऱ्याला नुसता रंग दिसतोय? नाक नाही, डोळे नाहीत, टी-शर्टवर नंबर पण नाही?... मग चित्र अर्धवट नाहीये काका. तुम्ही काच उलटी लावलीत!

उलटी म्हणजे, मागची बाजू पुढे... अहो, काचचित्र मागून रंगवतात. आधी डोळे, भुवया, मग त्यावर अंगाचा रंग. आणि बघायचं पुढून... पॅकिंगवर लिहिलेलं मी! वाचतंय कोण?... बाबा जन्मभर असेच काचेवर देव काढायचे. मी कबड्डीवाल्या काढते, एवढाच फरक.

फ्लेक्स? नाही! फ्लेक्स अजिबात लावायचा नाही... येऊ देत पाहुणे सहाला. तीन महिने राबलेय मी. आपल्या क्लबात पहिल्यांदा एका मुलीचं चित्र लागतंय, आणि तुम्ही त्यावर फ्लेक्स ठोकणार? डोकंबिकं फिरलंय का?... बरं, सॉरी. पण नाही म्हणजे नाही.

चार स्क्रू काढायचे, काच फिरवायची, परत लावायची... फुटेल? कोणी हात लावायला तयार नाही?... एवढे पैलवान गडी आणि काचेला घाबरता! स्वप्ना आलीय ना? बोलवा तिला... अहो, गुडघा गेलाय तिचा, हात नाही गेलेत.

हां, स्वप्ना, ऐक. फोन स्पीकरवर टाक. टीममधल्या दोघींना काच खालून धरू दे, तू स्क्रू काढ... सावकाश गं... रंगाला बोट नको लावूस, कडेने धर... फिरवली?... बसली नीट?...

हॅलो? स्वप्ना?... अगं, डोळे दिसतात का बघ!... दिसले?... हो, रागीटच काढलेत. चढाईला जाताना तू तशीच बघायचीस... ए वेडे, रडतेस काय? खेळ सुटला म्हणून क्लब थोडाच सुटतो?... काकांना दे.

हां काका, फ्लेक्स गुंडाळला ना?... पाहुणे आले पण? मी काही आता पोचत नाही. पण एक सांगते, चित्रावरचा पडदा पाहुणे नाही ओढणार. स्वप्ना ओढेल... विचारत नाहीये, सांगतेय... लंगडतेय तर लंगडत जाईल! तुम्ही सगळे फक्त तिच्या वाटेतून बाजूला व्हा... चला, ठेवते.