पाठ फिरवल्यावर बागेचं काय होतं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे संचालक साहेब, व्यासपीठावर माझ्या डाव्या हाताला बसलेल्या आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत त्या आपल्या सगळ्यांच्या बाई, संगीत विभागाचे प्रमुख, माझे सगळे सहकारी, आणि ‘आम्हाला पुढे बसवू नकोस’ असं बजावून शेवटच्या रांगेत बसलेले माझे आई-बाबा, सर्वांना नमस्कार.

सुरुवात एका प्रश्नाने करते. त्याचं उत्तर मला येत नाही, हे आधीच कबूल करते, म्हणजे शेवटी कोणी वाट बघायला नको. इथे नोकरी लागली तेव्हा बाबांनी विचारलं होतं, “जे जग नाहीच, त्यात खोटेपणा केला तर फसतं कोण?” बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांच्या कामात खोटेपणा केला तर माणूस दोन मजल्यांच्या मध्ये लटकतो, म्हणजे कोण फसलं ते लगेच कळतं. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. पदवीबरोबर उत्तरंही मिळतात असा घरात समज आहे. मी म्हटलं, “विचार करून सांगते.” तो विचार अजून चालू आहे.

थोडं पाणी पिते. 

बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगते. आम्ही एक ऑनलाइन जग चालवतो. त्यात किल्ले आहेत, ड्रॅगन आहेत, जादूच्या नद्या आहेत, आणि जागोजागची हजारो माणसं त्यात एकाच वेळी वावरतात. प्रत्येक खेळाडूला एक छोटं घर आणि घरामागे औषधी झाडांची बाग मिळते. हे सगळं जग बाईंच्या डोक्यातून निघालं. आम्ही नंतर विटा वाहिल्या.

माझी पहिली वीट म्हणजे किल्ल्याखालची बेकरी. मोठ्या हुशारीने मी असं केलं की खेळाडू समोर आला की धुराड्यातून धूर निघेल. बाईंनी ती बघितली आणि म्हणाल्या, “छान. आणि मी पाठ फिरवली की?”

“मग धूर बंद, बाई. बघायला कोणी नसतंच ना.”

“मग पाव कोण भाजतं?”

मला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. त्या बेकरीवाल्याचा अख्खा दिवस त्यांनी माझ्याकडून बांधून घेतला. तो उठतो कधी, पिठावरून बायकोशी भांडतो कधी, दुकान बंद करतो कधी. “खेळाडू हा पाहुणा असतो गं,” त्या म्हणाल्या. “पाहुणा यायच्या आधीही घर नांदतं असावं आणि तो गेल्यावरही.” हा बाईंचा पहिला नियम.

दुसरा नियम आमच्या ढगोबाच्या वाट्याला आला. आभाळ रंगवतो म्हणून तो ढगोबा. त्याने एका कड्यावर सहज, शोभेसाठी, एक इवलंसं दार काढलं. लोकांनी ते पाहिलं आणि कड्याखाली ही गर्दी! सगळे दार ठोठावतायत. बाई म्हणाल्या, “आता आत खोली बांध.”

“बाई, ते नुसतं चित्र आहे!”

“हो? मग खाली जाऊन त्यांना सांग तसं.”

ढगोबाने कुरकुरत खोली बांधली आणि रागाने आत फक्त एक झोपलेलं मांजर ठेवलं. त्या मांजराला भेटायला लोक अजूनही कडा चढतात. ढगोबाच्या एकाही सूर्यास्ताचं एवढं कौतुक झालेलं नाही. हसू नकोस रे, खरं तेच सांगतेय.

तिसरा नियम माझ्या माहितीत दुसरीकडे कुठेच नाही. नवीन काही केलं की आम्ही ते गेम कधीच न खेळलेल्या माणसासमोर ठेवतो आणि काचेपलीकडून बघतो. सगळेजण अशा वेळी माणूस किती वेळ बसला ते बघतात. बाई म्हणायच्या, “बसणं नका बघू, उठणं बघा.” माणूस समाधानाने उठतो, की कोणी ओढत असल्यासारखा? त्यावर त्यांचा निकाल ठरायचा.

साहेब, आपला फोन थरथरतोय, मला इथून दिसतंय. माझं बोलणं संपेपर्यंत तो तसाच राहू द्याल का? तो बहुधा माझ्याबद्दलच असेल.

तर, बाग. नवी सूचना अशी आली की खेळाडू आला नाही तर बागेला पाणी मिळणार नाही आणि झाडं सुकतील. मग माणूस रोज येईल. साहेबांचा मुद्दा खोटा नव्हता. आपल्याच मजल्यावरची काही टेबलं रिकामी झालेली आपण पाहिली आहेत. लोक आले नाहीत तर हे ऑफिस कशावर चालायचं? बाईंनी विरोध केला, तेव्हा साहेब म्हणाले, “तुमचाच नियम आहे ना बाई, पाठ फिरवली तरी जग चालू राहतं? मग पाणी न घातलेलं झाड सुकणारच. यात वावगं काय?”

 बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि त्या उठल्या. ते उठणं चांगलं नव्हतं.

आजच्या निमंत्रणात लिहिलंय की बाई विश्रांतीसाठी जात आहेत. बाईंना विश्रांती घेताना पाहिलेला इथे कोणी असेल तर त्याने हात वर करावा. नाही ना कोणी? असो. निरोपाच्या दिवशी एवढंच बोलावं.

त्यांच्या खुर्चीवर मला बसवलं गेलं. गेममध्ये काय जाईल आणि काय राहील याचा शेवटचा शब्द त्या खुर्चीचा असतो, हा नियम साहेबांनीच घालून दिलेला. मी बाईंकडे धावले. त्या म्हणाल्या, “मला विचारू नकोस. मी सांगितलं तर ती माझी बाग होईल.” मला रागच आला. पोहायला न शिकवता पाण्यात ढकलल्यासारखं वाटलं. जेवताना घास हातात राहायचा. आई म्हणायची, “गिळ आधी, मग जग वाचव.”

शेवटी त्या काचेच्या खोलीत मी आईलाच बसवलं. आई लाँड्रीत इस्त्री करते. आधी तिला जुनी बाग दिली. तिने रोपं लावली, फेरी मारली, हात झटकले, “चला” म्हणाली आणि बाहेर आली. मग सुकणारी बाग दिली. आई पिशवी खांद्याला लावून उठली. पडद्यावर पानं पिवळी पडायला लागली. ती बसली. परत अर्धवट उठली, परत बसली. ढगोबा आधी हसत होता, मग काचेला नाक लावून बघायला लागला. मी आत गेले तर आई माझ्यावरच उखडली.

“काय मेली वस्ती तुमची! एवढी घरं, एवढी माणसं, आणि कोणी चार दिवस बाहेर गेलं तर कुंडीत तांब्याभर पाणी ओतायला एक शेजारीण नाही? आणि म्हणे ड्रॅगन आहेत!”

मी तिथेच खुर्चीत बसले. साहेबांचं आणि बाईंचं भांडण मुळात नव्हतंच. पाठ फिरवली तरी जग चालू राहतं, मान्य. पण आम्ही त्यातलं फक्त ऊन चालू ठेवलं होतं. माणसं बंद करून ठेवली होती.

म्हणून मी आणि ढगोबाने एक शेजारीण तयार केली. ती काही देवी नाही. कुरकुरते. तुमच्या बागेतली मूठभर पानं स्वतःच्या काढ्याला नेते, आणि नेली म्हणून तोंडावर सांगतेही. कोण येऊन गेलं, कोणत्या झाडाला फूल आलं, सगळी खबर देते. ती ऐकायला लोक परत येतील असं मला वाटतं. नाही आले तर साहेब, जाब मला विचारा, या मजल्यावरच्या दुसऱ्या कोणाला नको.

बाई, संध्याकाळी काम उरकल्यावरही कोणी रेंगाळलं की तुम्ही म्हणायचात, “जा गं घरी, जग कुठे पळत नाहीये.” खेळाडू निघाला की ती शेजारीण हेच वाक्य बोलते. तुम्हाला न विचारता घेतलं. तुम्ही मला विचारू नकोस म्हणाला होतात, ते मी शब्दशः पाळलं.

बाबा, तुमचं उत्तर अजून बाकी आहे. पण आईचं ते अर्धवट उठणं पाहिल्यापासून कोण फसतं एवढं तरी मला दिसतं.

बाईंनी घडवलं, साहेबांनी विश्वासाने खुर्ची दिली, आणि तुम्ही सगळ्यांनी एका अस्वस्थ मुलीचं शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, लहान तोंडी मोठा घास घेतला गेला असेल, तर पोटात घाला.

आणि साहेब, आपण म्हणाला होतात, “सोमवारी तुझा निर्णय कळव.” आजच कळवते. सुकणारी बाग काढून टाकली आहे. दुपारी आपण सगळे या सभागृहात खुर्च्या मांडत होतो, तेव्हा शेजारीण राहायला आली.