रेडिओवर न घेतलेलं नाव

न्हाय म्हंजे न्हाय. रविवारी तुमच्या वडलांची शोकसभा हाय, दोन शब्द बोला म्हणतासा — मी येत न्हाय. प्रभुलिंग अन् मी एकाहत्तरच्या लढाईत एकदमच सापडलो, वरीसभर पाकिस्तानात एकाच कॅम्पात कैदी हुतो, खरं हाय. म्हणून जयसिंगपूरला स्टेजवर बसून मी त्याचं गुणगान गायचं? — तो मोबाइल खाली करा आधी.

जिवलग मैतर? असं तुम्हाला त्यानं सांगितलं? मग ऐका. कॅम्पात दोघांत पाण्याचा एक मग. तुमचा बाप त्याला तोंड लावायचा न्हाय. नळाखाली ओंजळ धरून प्यायचा. का? मी पडलो बौद्ध — माझं तोंड लागलेलं हुतं त्याला. भवती काटेरी तार, वर बंदूकवाला, अन् ह्येला माझा इटाळ. फुडं त्याला ताप भरला, दवाखान्यात हलवला. त्याच हप्त्यात रेडिओवर घरी निरोप द्यायला आम्हाला एकेकाला नेणार हुते. स्ट्रेचरवरनं माझा हात धरला त्यानं — तवा चालला बघा हात — म्हणाला, "भाऊसो, माझं बी नाव घे. नवं लगीन हाय, बसव्वाला कळू दे मी जित्ता हाय." मी मान हलवली. माईकफुडं माझं नाव, पलटण, गाव सांगितलं. तिथला साहेब म्हणाला, "और किसी का नाम?" मी म्हटलं, "नहीं." विसरलो व्हय? विसरलो न्हाय, पावणं. जिभेवर हुतं.

शिवाजी पेठेत तालमीच्या रेडिओवर माझं नाव लागलं, आईनं गल्लीभर साखर वाटली. अन् प्रभुलिंगाच्या घरी मेल्याचीच तार गेलती. बसव्वाच्या बापानं चार महिन्यात तिचा दुसरीकडं पाट लावला. ह्यो सुटून आला तर घर मोकळं. आठ दिसांनी हितं आला, ह्याच सोप्यात बसला, माझ्या घरचा तांब्या तोंडाला लावून पाणी प्याला — पैल्यांदाच — अन् इचारलं, "भाऊसो, नाव घेतलतंस न्हवं?" मी म्हटलं, "घेतलतं." "मग रेडिओतच खरखर झाली असंल," म्हणाला. पन्नास वर्सं तेच म्हणत राहिला. दर दिवाळीला फराळ घेऊन यायचा. मी खायचो.

हे बोलायचं न्हवतं मला. तुम्ही बोलाय लावलंसा.

काय म्हणालासा? त्यामुळंच तुमच्या आईशी लगीन झालं, तुम्ही झालासा — म्हणून माफ? तुम्ही कोण माफ करणार? तुमचा काय संबंध? ज्यानं करायची त्याला मी सांगितलंच न्हाय. गेल्या महिन्यात दवाखान्यात त्याच्या उशाला बसून आलो तासभर, तरी न्हाय.

उभारलासा कशाला अजून? रडायचं असंल तर रस्त्यावर जावा. माझ्या दारात न्हाय. निघा.